मुंबई एक बोट, नागपूर दोन

विट्याच्या स्टँडवर एस.टी. थांबली तेव्हा लालासाहेबांनी खिशातली शेवटची लवंग दाढेखाली धरली आणि शेजारी बसलेल्या पुतणीकडं चोरून पाहिलं. विजयमाला खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. ड्रायव्हर टायरला लाथ मारून हवा तपासत होता एवढंच. पण पोरगी ते मन लावून बघत होती. म्हणजे तिला बोलायचं नव्हतं. लालासाहेबांनी मनातल्या मनात तशी नोंद केली.

माणसांच्या असल्या नोंदी करण्यातच त्यांचा जन्म गेला होता. सांगलीच्या पेठेत हळदीची दलाली आणि हळदीचा हंगाम सरला की जत्रांमधला बैलबाजार. हळदीत आता सौदे उघड व्हायचे. पोत्यांभोवती घोळका करून माणसं ओरडायची आणि लालासाहेबांचं डोकं उठायचं. बैलबाजारात मात्र अजून रुमाल होता. विकणाऱ्याच्या हातावर टॉवेल टाकायचा, खाली आपली बोटं त्याच्या हातात द्यायची. जितकी बोटं तो दाबेल तितका त्याचा आकडा. मग तसंच घेणाऱ्याकडं जायचं. बघणाऱ्याला टॉवेल हललेला दिसायचा, बाकी काही नाही. या टॉवेलाखाली त्यांनी इतके हात धरले होते की माणसाच्या तोंडावरचा त्यांचा विश्वास पार उडाला होता.

त्यांचा एक हिशेब होता. घेणाऱ्याचं पहिलं बोट खोटं असतं, कारण तो हात राखून सुरुवात करतो. त्याचं शेवटचं ते खरं. विकणाऱ्याचं उलट. मनात असतं ते तो पहिल्यांदाच दाबतो, मग दमतो, घरी जायची वेळ होते, आणि शेवटचं दाबतो ते नाइलाजानं. हा हिशेब बैलाला कधी चुकला नव्हता. माणसाला लावायची वेळ आपल्यावर येऊ नये असं मात्र त्यांना अलीकडं फार वाटायचं. पण नात्यात काही अडलं की सगळ्यांना लालाच आठवायचा. वाटण्या, रुसवे, सोयरिकी. दलालाचं खरं काम भाव ठरवणं नसतंच. भाव ज्याचा त्यानं ठरवलेला असतो. दलालानं फक्त मागाहून शिव्या खायच्या असतात.

"इजा," ते म्हणाले, "तुझ्या मनात काय हाय?"

"आबा म्हणतील तसं."

"आबा काय म्हणणार ते मला ठावं हाय. मी तुझं इचारलं."

विजयमालेनं मान वळवली. "तात्या, दाढ लय ठणकतीया का? गाल सुजलाय तुमचा."

"दाढेचं मागनं बघू."

"सगळी मागनंच बघत्यात," ती म्हणाली आणि पुन्हा टायरकडं वळली.

ती दोन वर्षं त्यांच्याकडं सांगलीत राहून शिकली होती. इंटरला मार्क चांगले पडले, पण डॉक्टरकी थोडक्यात हुकली आणि दातांच्या कॉलेजची दोन पत्रं आली. एक मुंबईचं, एक नागपूरचं. हजर व्हायचा दिवस दोन्हीकडं एकच, येता सोमवार. शिक्षण तेच, पदवी तीच. लालासाहेबांच्या पेठेतल्या एका गुजराती शेठनं विचारलं होतं, "मग अडचन काय?"

अडचण अशी होती की मुंबईत बनुबाई होत्या. विजयमालेच्या वडिलांची, हंबीररावांची थोरली बहीण; लालासाहेब या दोघांचे चुलतभाऊ. आणि बनुबाईंच्या घरात सयाजी होता, त्यांचा मुलगा. भावाची लेक सून करून न्यायची हा बहिणीचा हक्क या मुलखात कुणी कागदावर लिहून देत नाही, कारण तशी गरजच पडत नाही. मुंबईच्या कॉलेजात जायचं म्हणजे आत्याच्या घरी राहायचं. सख्खी आत्या मुंबईत असताना पोरगी हॉस्टेलात ठेवली तर चार माणसांत तोंड दाखवायची सोय राहिली नसती. आणि आत्याच्या घरात चार वर्षं राहिलेली भाची त्या घरातून परत येत नसते, तिचं तिथंच होऊन जातं.

सयाजी पोरगा वाईट नव्हता. गोदीत कारकून. विडी नाही, काडी नाही. दोन्ही वेळा पोटभर जेवायचा आणि मधल्या वेळात झोपायचा. गेल्या दिवाळीत तो सांगलीला आला तेव्हा विजयमालेनं त्याला चहा दिला, खुशाली विचारली आणि मैत्रिणीकडं वह्या आणायला म्हणून गेली ती तो स्टेशनला निघाल्यावरच परत आली. तेव्हाही लालासाहेब काही बोलले नव्हते. नोंद केली होती.

वडूजला उतरले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. आभाळात ढग होते, पण बहात्तर सालापासून इथल्या माणसांनी ढगांकडं बघणं सोडलं होतं. हंबीररावांच्या दारात चपलांचा ढीग होता. लालासाहेबांना वाटलं, कुणी गेलं की काय. तसं काही नव्हतं. दातांची डॉक्टरीण येणार म्हणून आळी जमली होती.

"आली बघ," शेजारचा केरबा म्हणाला आणि उंबऱ्यातच त्यानं आ वासला. "इजाबाय, ह्यो मागचा बघ. गार पाणी लागलं की झिणझिण्या डोस्क्यात जात्यात."

"केरबामामा, मी आजून गेले पण न्हाई वो."

"गेल्यावर गर्दी व्हईल. आत्ताच बघ."

हंबीररावांनी पलटणीतली बॅटरी आणून दिली. लढाईच्या वेळी सरहद्दीवर जी काही कामगिरी तिनं केली असेल ती असो, आता ती केरबाच्या जबड्यात शिरली. विजयमालेनं एकेकाचा दात बघितला. सगळ्यांना एकच सांगितलं, मिठाच्या पाण्यानं चुळा भरा. लालासाहेब भिंतीला टेकून हे बघत होते. एरवी ही पोर खाली मान घालून बोलायची, पण परक्याच्या तोंडात बघताना तिची मान वर होती आणि आवाजात कसला संकोच नव्हता. हेही त्यांनी टिपलं.

शेवटी, भाचीला न्यायला म्हणून कालच मुंबईहून आलेल्या बनुबाईंनी तोंड उघडलं. मिश्री लावून लावून त्यांचे दात तव्यासारखे झाले होते.

"आत्ती, मिश्री सोडाय पायजे तुमी."

"सोडीन की. तू आलीस मंजी तूच हातातनं काढून घ्यायची डबी," बनुबाई म्हणाल्या आणि तिच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. "तुझी कॉट मांडून ठिवलीया बघ. खिडकीपशी. पडदा बी शिवलाय, तुला अभ्यासाला बरं. सयाजी म्हणला, तिकडं दिव्याचा उजेड पुरत न्हाई, म्हणून त्यानं तारच वाढवून घेतली."

कपट असतं तर सोपं झालं असतं. बनुबाईंच्या बोलण्यात कपट औषधालाही नव्हतं. आई गेली तेव्हा हंबीरराव रांगत होते; या बाईनं स्वतः पोर असताना त्यांना काखेला मारून वाढवलं होतं. पुढं ते पलटणीत सुभेदार झाले, सलाम घेतले, पण आक्कासमोर बसताना आजही मांडी घालायच्या आधी जागा झाडून घेत, कारण लहानपणी तशी सवय तिनं लावली होती.

जेवणं झाली, आळी पांगली आणि घरातली माणसं सोप्यात बसली. विजयमालेची आई लीलाबाई आत भांडी घासत होत्या. भांडी जरा जास्तच वाजत होती.

"पॉइंट नंबर एक," हंबीरराव म्हणाले. "अंतर. नागपूर लय लांब. एक रात्र गाडीत, वर निम्मा दिवस."

"पॉइंट कसलं घालतुयास," बनुबाई म्हणाल्या. "पोरगी जेवणार कुठं ते बोल. हॉस्टेलात म्हणं डाळीत पाणी आसतंय."

"पॉइंट नंबर दोन, हवा. तिथलं ऊन..."

"इथं काय बर्फ पडतोय?" आतून लीलाबाईंचा आवाज आला आणि लगेच एक पातेलं आपटलं.

मग बनुबाई संत्र्यांवर बोलल्या, हंबीरराव रेल्वेच्या डब्यावर बोलले. पाण्यावर बोलून झालं, भाषेवर झालं. सयाजीचं नाव कुणी घेतलं नाही. सौदा ज्या बैलाचा आहे तो सोडून सगळा बाजार चर्चून झाला. विजयमाला खांबाला टेकून बसली होती आणि पायाच्या अंगठ्यानं शेणानं सारवलेल्या जमिनीचा पोपडा काढत होती.

"लाला, तू सांग," शेवटी हंबीरराव म्हणाले. "दोन वर्षं तुझ्यापशी हुती. तुला जास्त म्हाईत."

लालासाहेबांना हे वाक्य कधी येणार ते पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यांनी मुंबई म्हटलं की लीलाबाई जन्मभर म्हणणार, भावजींनी केलं. नागपूर म्हटलं की आक्का म्हणणार, लालानं मोडलं. हंबीरराव दोन्हीकडून मोकळे.

"जरा लवंग बघतो," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

लीलाबाईंनी डब्यातून लवंगा काढून ताटलीत ठेवल्या. राखेचे हात तसेच होते.

"वैनी, तुमचं काय म्हणणं?"

"माझं म्हणणं कवा कुणी मोजलंय, भावजी? आक्का वाईट न्हाईत."

"न्हाईतच."

"त्येच तर. वाईट आसत्या तर मी तोंडावर बोलले आसते." त्यांनी पुन्हा तव्याला हात घातला. "पोरगी आल्यापास्नं घासभर बी जेवली न्हाई. तिला इचारलं की म्हणती आबा म्हणतील तसं. तेवढं फकस्त तिच्याकडनं काडून घ्या. मग मुंबई म्हणली तरी माझी ना न्हाई."

लालासाहेबांच्या दाढेतून एक कळ कानापर्यंत गेली. त्यांना खरं तर आडवं व्हायचं होतं. पण ते बाहेर आले, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि झटकला.

"रुमाल टाकतो," ते म्हणाले.

हंबीरराव बघतच राहिले. "पोरगी हाय ती लाला, खोंड न्हवं."

"रुमाल खोंडासाठी नसतोय हंबीरा. जी गोष्ट वरडून बोलता येत न्हाई, तिच्यासाठी आसतोय. मघापास्नं किती वरडलो आपण? मुंबई एक बोट, नागपूर दोन. कुणी काय धरलं ते मी कुणाला सांगणार न्हाई. शेवटचं काय ते म्या बोलायचं. शिव्या बी मलाच द्या."

बनुबाईंना हे आवडलं. त्यांचे वडील जत्रेत बैल घ्यायचे तेव्हा त्या त्यांच्या धोतराला धरून असायच्या. "बरं हाय. माज्यापास्नं सुरू कर," म्हणून त्यांनी हात पुढं केला. टॉवेलाखाली त्यांनी एक बोट धरलं ते विहिरीचा दोर धरावा तसं. त्यांच्या हाताला घेणं-विकणं माहीतच नव्हतं. आपलंच आहे ते न्यायला आलेल्या माणसाचा तो हात होता.

हंबीररावांचा हात घामेजलेला होता. त्यांनी आधी काहीच धरलं नाही. लालासाहेब थांबले. बनुबाई खाकरल्या, आणि एक बोट दाबलं गेलं, हलकंच, नुसतं हजेरी लावल्यासारखं.

लीलाबाई दारात येऊन उभ्या होत्या. दिरानं भावजयीचा हात कसा धरायचा? त्यांच्यापुढं टॉवेल गेला नाही. आणि तो गेला नाही हे त्यांच्याशिवाय कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग लालासाहेब खांबापाशी बसले. "हात दे, इजा."

पोरीचा हात गार होता. टॉवेल पडला आणि तिनं लगेच, श्वास घ्यायच्याही आधी, दोन बोटं धरली. घट्ट. लालासाहेबांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. दलालाच्या चेहऱ्यावर उमटायला लागलं की त्यानं धंदा सोडावा. तेवढ्यात बनुबाईंनी पदराखालून एक लहानशी पुडी काढली आणि जपून मांडीवर ठेवली. गजरा होता. मुंबईहून ओल्या फडक्यात बांधून आणलेला, आता कोमेजून पिवळा पडलेला. विजयमालेची नजर तिकडं गेली. टॉवेलाखालची पकड सैल झाली. एक बोट सुटलं. राहिलेल्या एकावर तिची मूठ आली आणि तशीच राहिली.

झालं. पहिलं दोन, शेवटचं एक. लालासाहेबांनी हिशेब मांडायचा प्रयत्न केला. ही घेणारी असेल तर शेवटचं खरं, म्हणजे मुंबई. विकणारी असेल तर पहिलं खरं, आणि आता धरलंय ते नाइलाजाचं. पण ही घेणारी की विकणारी? आज सोप्यात काय विकायला निघालं होतं, कॉलेज की पोरगी? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना टॉवेलाखालचा हात कळेना.

'मुंबई' म्हणून उठणं सोपं होतं. कुणी काही विचारलं नसतं. तिनं शेवटी एकच धरलं होतं, खोटंही ठरलं नसतं. 'नागपूर' म्हणूनही उठता आलं असतं. मग आक्काच्या घरचं दार आपल्याला बंद. असे कितीतरी सौदे त्यांनी उठवले होते, आणि प्रत्येक वेळी कुणी ना कुणी घरी जाताना म्हणालं होतं की दलालानं आतल्या आत काहीतरी केलं. केलेलंही असायचं कधीकधी. आज त्यांना आतल्या आत काही करायचा कंटाळा आला होता.

ते पुढं झुकले. "इजा," ते फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "आता मी टॉवेल काढणार. काय धरायचं ते धर."

तिनं वर पाहिलं. घाबरली होती.

"तात्या, असं करत न्हाईत. तुमीच सांगितलेलं."

"करत न्हाईत. पर आता मला झेपत न्हाई बाळ."

त्यांनी जरा वेळ दिला. मग दुसऱ्या हातानं टॉवेलाचं टोक धरलं आणि तो बाजूला ओढला.

हात उघड्यावर आले. सगळ्यांनी वाकून बघितलं. एक बोट. बनुबाईंच्या तोंडावर हसू येऊ लागलं, हंबीररावांनी श्वास सोडला. आणि तेवढ्यात, सगळ्यांच्या देखत, विजयमालेची मूठ उघडली आणि तिनं लालासाहेबांचं दुसरं बोट शोधून पहिल्याला जोडलं. मग दोन्ही धरून ठेवली.

"आत्ती," ती म्हणाली, "मी सुट्टीला येईन तुमच्याकडं. ऱ्हायाला न्हाई."

कुठंतरी शेरडू ओरडलं. बनुबाई त्या दोन बोटांकडं बघत राहिल्या. मग त्यांनी मिश्रीची डबी काढली, दातांवर बोट फिरवलं, बराच वेळ फिरवलं.

"मंजी तार उगाच वाढवली म्हणायची," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. गजरा त्यांनी पुडीत परत बांधला, उठल्या आणि देवळीत ठेवला. "देवाला घाल गं लीलाबाय. वास हाय आजून." लालासाहेबांकडं मात्र त्यांनी पाहिलं नाही. पुढं कित्येक वर्षं पाहिलं नाही.

लीलाबाईंनी आतून ताट वाढून आणलं आणि लेकीसमोर ठेवलं. विजयमाला उजव्या हाताची बोटं चोळत जेवायला बसली.

संध्याकाळच्या गाडीनं लालासाहेब एकटेच निघाले. पोरीला आता इथून थेट बांधाबांध करून जायचं होतं. जाताना तिनं बॅटरी लावून त्यांची दाढ बघितली आणि सांगितलं, "काडाय लागंल. सांगलीत कुणाला तरी दाखवा, माझ्यासाठी थांबू नका." त्यांनी मान हलवली. दोघांनाही ठाऊक होतं की ते थांबणार.

हंबीरराव स्टँडपर्यंत आले. बाकावर शेजारी बसले, पलटणीतल्यासारखे ताठ. लालासाहेबांना वाटलं, आता हा बोलणार, आक्काला तोडलंस म्हणून. त्यांनी ऐकून घ्यायची तयारी केली. ऐकून घेणं हे त्यांचंच काम.

गाडीचा हॉर्न लांबून ऐकू आला. हंबीररावांनी इकडंतिकडं पाहिलं, मग लालासाहेबांच्या मांडीवरचा टॉवेल उचलला, त्याखाली हात घातला आणि त्यांची बोटं चाचपली. दोन धरली. जोरात दाबली.

लालासाहेबांनी भावाकडं पाहिलं. "हे दुपारी धरायचं हुतंस, गड्या."

"आक्का समोर हुती."

"रुमालाखालचं तिला काय दिसतंय?"

"तिला दिसतंय रं," हंबीरराव म्हणाले. "लहानपणापास्नं दिसतंय."

गाडी येऊन थांबली. लालासाहेबांनी आपली बोटं सोडवून घेतली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि दांडीला धरून कसेबसे वर चढले. खिडकीशी जागा मिळाली. बाहेर हंबीरराव अजून बाकावर होते, हात मांडीवर, मूठ अजून दोन बोटं धरल्यासारखी. लालासाहेबांनी लीलाबाईंनी दिलेल्या लवंगांतली एक दाढेखाली धरली आणि विटा येईपर्यंत कुणाचीही, कसलीही नोंद न करता डोळे मिटून घेतले.